‘आई, घरात कॅमेरे लावलेत’: एमडी आणि इतर उत्तेजक नशांतून होणारा सायकोसिस कसा ओळखायचा? घरच्यांचे प्रश्न

मी एका सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात सोशल वर्कर आहे. केसपेपर काढून डॉक्टरांकडे नंबर लागेपर्यंत घरची माणसं माझ्याशी बोलतात. ‘पोरगा पावडर घेतो आणि आता भलतंच काहीतरी बोलतो’ असं सांगणारी बरीच घरं दोन-तीन महिने उशिरा आलेली असतात, कारण समोर जे दिसत होतं त्याला काय म्हणायचं हेच त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. बाकावर बसून मला पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न इथे घेतले आहेत. उदाहरणांतल्या माणसांची ओळख पटणार नाही एवढी काळजी घेतली आहे.

उत्तेजक नशा म्हणजे नेमक्या कोणत्या?

ज्यांनी झोप उडते, भूक मरते, छाती धडधडते आणि माणूस तासन्‌तास बोलत किंवा काहीतरी करत राहतो, त्या. आपल्याकडे सगळ्यात जास्त कानावर येतं ते एमडी, म्हणजे मेफेड्रोन. पोरं ‘पावडर’ म्हणतात, ‘म्याव म्याव’ म्हणतात. फेब्रुवारी २०१५ मध्ये तिचं नाव एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आलं, पण त्याआधीच ती मुंबईत चांगली मुरली होती. २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी पुणे जिल्ह्यातल्या कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत छापा घातला, तेव्हा ही पावडर आपल्या शेजारच्या तालुक्यात तयार होते हे अनेकांना पहिल्यांदा कळलं.

कोकेन याच गटातलं. मेथ, म्हणजे ज्याला क्रिस्टल किंवा आइस म्हणतात, तेही. आणि एक नाव पालकांनी मुद्दाम लक्षात ठेवावं: मेफेंटरमिन. शस्त्रक्रियेच्या वेळी उतरलेला रक्तदाब सावरायचं हे इंजेक्शन काही जिममध्ये ‘स्टॅमिना वाढतो’ म्हणून टोचलं जातं. मुलगा दारूला शिवत नाही, सकाळ-संध्याकाळ व्यायाम करतो, मग त्याला असं काही होईल हे घरच्यांच्या स्वप्नातही नसतं. त्याच्या दंडावर किंवा हातावर सुईच्या खुणा दिसल्या तर विचारा.

दारू आणि गांजा या गटात येत नाहीत. त्यांनीही भास-भ्रम होतात, पण त्यांची चाल वेगळी.

सायकोसिस म्हणजे काय? भास आणि भ्रम एकच का?

एकच नाहीत. भास म्हणजे नसलेली गोष्ट जाणवणं: कोणी बोलत नसताना आवाज, कोणी उभं नसताना सावली, अंगावर काही नसताना किडा चालल्याची जाणीव. भ्रम म्हणजे खोटी पण पक्की खात्री: ‘शेजारी माझ्यावर पाळत ठेवतात’, ‘जेवणात विष घातलंय’. या दोन्हींपैकी एक किंवा दोन्ही आल्यामुळे माणसाचा वास्तवाशी सांधा निखळतो, त्या अवस्थेला सायकोसिस म्हणतात. नशेतून होणाऱ्या सायकोसिसमध्ये बहुतेक वेळा माणसाला स्वतःचं नाव, गाव, वार, तारीख सगळं बरोबर सांगता येतं. त्यामुळेच घरचे फसतात. ‘बोलतो तर नीट, मग हे नाटक असणार,’ असा समज होतो. नाटक नसतं. त्याला खरोखरच भीती वाटत असते.

नशेने मेंदूत असं काय होतं?

रस्त्याने चालताना आपल्याला शंभर गोष्टी दिसतात. कडेला उभी रिक्षा, हेल्मेट घातलेला माणूस, मागे कोणीतरी खोकतं. मेंदू त्यातल्या बहुतेक गाळून टाकतो. डोपामिन नावाचं रसायन ‘इकडे बघ, हे तुझ्या कामाचं आहे’ अशी खूण करण्याचं काम करतं. उत्तेजक नशेने मेंदूत या डोपामिनचा पूर येतो आणि मग प्रत्येक गोष्टीवर तीच खूण उमटायला लागते. रिक्षा उभी का आहे? तो आत्ताच का खोकला? दोघांनी एकाच वेळी मान का वळवली? इतक्या खुणा एकदम आल्या की मन त्यांची गोष्ट जुळवतं, आणि ती गोष्ट बहुधा एकच निघते: ‘सगळे मिळून माझ्या मागे लागलेत.’

त्यात जागरणाची भर पडते. एमडीचा अंमल दोन-तीन तासांत उतरतो, म्हणून माणूस रात्रभर पुन्हा पुन्हा ओढत राहतो. दोन-तीन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही तर नशा न करणाऱ्याचाही तोल ढळतो. इथे तर दोन्ही एकत्र.

हे वैद्यकशास्त्राला नवं नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जपानमध्ये मेथच्या गोळ्या ‘हिरोपोन’ या नावाने उघड विकल्या जात. युद्धानंतर व्यसनाची आणि सायकोसिसची एवढी लाट आली की १९५१ मध्ये तिथे स्वतंत्र कायदा करावा लागला. १९५८ मध्ये लंडनचे डॉ. फिलिप कॉनेल यांनी मेथच्याच कुळातल्या अँफेटामिनमुळे सायकोसिस झालेल्या ४२ रुग्णांचा अभ्यास मांडला. लक्षणं स्किझोफ्रेनियापासून, म्हणजे भास-भ्रमांच्या लांबणाऱ्या मानसिक आजारापासून, वेगळी काढता येऊ नयेत इतकी सारखी होती. म्हणजे आपला मुलगा ‘मनाने कमकुवत’ होता म्हणून हे झालं, असं धरून चालू नका.

सगळ्यात आधी काय दिसतं?

झोप. बाकी सगळं नंतर.

एक आई कालनिर्णयचं पान घेऊन आली होती. दुधाच्या नोंदींशेजारी तिने बारीक पेन्सिलने आकडे लिहिले होते: ७, ६, २, ०, ०, १४. मुलगा किती तास झोपला त्याचे. ‘मॅडम, मला शिकल्या-सवरल्यासारखं सांगता येत नाही, पण त्याच्या खोलीतला लाइट कधी बंद होतो ते कळतं,’ म्हणाली. त्या एका पानावर डॉक्टरांना नशेच्या फेऱ्या दिसल्या: सलग दोन रात्री टक्क जाग, मग मेल्यासारखी झोप, मग चार बरे दिवस, की पुन्हा तेच. आणि प्रत्येक फेरीला जागरण थोडं लांबत चाललेलं.

झोपेच्या पाठोपाठ येतो तो संशय, आणि तोही आधी प्रश्नांच्या रूपात येतो. ‘खाली कोण उभं होतं?’ ‘माझा फोन कोणी हातात घेतला होता?’ ‘तू आत्ता कोणाशी बोलत होतीस?’ दिवसातून एकदा विचारलं तर काही नाही. तासात चारदा विचारलं तर लक्ष द्या. पडदे ओढलेले राहतात. बेल वाजली की तो दचकतो. खिडकीच्या फटीतून खाली बघतो. सिम बदलतो, फोन बंद करून डब्यात ठेवतो. जेवण ताटात तसंच राहतं, महिन्याभरात पँट कमरेवर टिकत नाही. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, जबडा आवळलेला, दात खातो, घाम फुटतो, नाकातून रक्त येतं. मित्र बदलतात, आणि मग मित्रच नको होतात.

घरचे मात्र आवाज ऐकू येतात का तेवढंच विचारत राहतात. आवाज यायला लागले म्हणजे गाडी बरीच पुढे गेली. संशय आणि जागरण यांच्या टप्प्यावर आणलेलं माणूस बरंच लवकर सावरताना मी पाहिलं आहे. या पानावरचं एवढंच कोणाच्या लक्षात राहिलं तरी माझं काम झालं.

पूर्ण सायकोसिसमध्ये काय काय दिसू शकतं?

सगळ्यात जास्त दिसतो तो पाठलागाचा भ्रम. पोलीस, गुंड, पावडर विकणारे, कधी सख्खे भाऊ. पंख्यात कॅमेरा आहे, वायफायच्या डब्यातून विचार वाचतात. एका मुलाने घरातल्या सगळ्या छोट्या दिव्यांवर, टीव्हीच्या, राउटरच्या, इन्व्हर्टरच्या, काळी चिकटपट्टी लावली होती आणि दाराच्या भोकात कागदाचा बोळा कोंबला होता. त्याच्या वडिलांना वाटलं, वीज वाचवतोय.

दुसरा, ‘हे माझ्याबद्दलच आहे’ असं वाटणं. बातम्या देणारी बाई आपल्याला उद्देशून बोलतेय, कोणाचं व्हॉट्सअॅप स्टेटस म्हणजे आपल्यालाच टोमणा आहे.

तिसरा, बायकोवरचा संशय. हा लवकर ओळखा, कारण यात मारहाण होण्याची भीती मोठी असते. बायकोचा फोन तपासणं, कपडे हुंगणं, कामावरून यायला दहा मिनिटं उशीर झाला तर रात्रभर उलटतपासणी. अशा बायका माझ्याकडे आल्यावर आधी स्वतःचीच बाजू मांडायला लागतात, ‘खरंच माझं तसं काही नाही हो.’ ताई, तुम्हाला काहीही सिद्ध करायचं नाहीये. हे आजारातून येतंय, आणि तुमची सुरक्षितता पहिली.

चौथं, किडे. कोकेन आणि मेथमध्ये हे फार जुन्या काळापासून नोंदलेलं आहे. कातडीखाली किडे चालतात असं इतकं खरं वाटतं की माणूस नखांनी, सुईने, ब्लेडने ते काढायला जातो. एका तरुणाने आमच्या टेबलावर काडेपेटी ठेवली. खाली वर्तमानपत्र पसरायला लावलं, ‘उडतील’ म्हणून. मग अलगद उघडली. आत सुकलेल्या खपल्या, सतरंजीचे धागे, केसाचा तुकडा, तांदळाची कणी. ‘हा बघा, हा अजून जिवंत आहे,’ तो धाग्याकडे बोट दाखवून म्हणाला. हाताला फोडांच्या रांगा होत्या. त्याआधी दोन महिने तो खरजेची मलमं लावत होता.

पाचवं, एकच काम करत राहणं. मोबाइल उघडायचा, स्क्रू ओळीत मांडायचे, पुन्हा जोडायचा, पुन्हा उघडायचा. पहाटे चारला कपाट आवरायचं आणि सहाला पुन्हा काढायचं. स्वीडनमधल्या व्यसनी मंडळींच्या बोलीत याला ‘पुंडिंग’ म्हणत. डॉक्टरांनी तोच शब्द उचलला.

आवाज ऐकू येणं, सावल्या दिसणं हेही होतं. कधी कधी ‘मला खास कामासाठी निवडलंय’ अशी मोठेपणाची कल्पनाही डोक्यात बसते, पण ती भीतीच्या मानाने कमी.

संशयी स्वभाव आणि भ्रम यांच्यातली रेघ कुठे?

संशयी माणूस पुरावा दाखवला तर कुरकुरत का होईना मागे सरतो. भ्रमात असलेला माणूस तोच पुरावा आपल्या बाजूने वळवतो. पंखा उघडून दाखवला, कॅमेरा नाही. तो म्हणतो, ‘बघितलंस? तुम्ही येणार कळलं म्हणून काढून नेला.’ हे ऐकलंत की समजा, आता समजावण्याने भागणार नाही.

ही फक्त चढलेली नशा असेल तर?

असू शकते. नशा चालू असताना थोडा संशय, थोडे भास अनेकांना होतात, ते अंमल उतरला आणि झोप झाली की जातात. ‘मला तसं वाटत होतं, पण ती पावडर होती’ असं तो स्वतः म्हणतो. तेवढी समज शिल्लक असेल तर तो काठावर उभा आहे, पडलेला नाही. नीट झोप होऊनही, नशा थांबून एक-दोन दिवस होऊनही खात्री तशीच असेल तर हा सायकोसिस आहे असं धरून डॉक्टरांकडे न्या. काठावरच्या माणसालाही न्यायला हरकत नाही. उलट तीच उत्तम वेळ.

हा स्किझोफ्रेनिया तर नव्हे?

पहिल्या भेटीत अनुभवी मानसोपचारतज्ज्ञही अनेकदा ‘थांबून बघू’ म्हणतात, आणि ते प्रामाणिक उत्तर आहे. नशेकडे बोट दाखवणाऱ्या खुणा अशा: लक्षणं नशा वाढल्यावर काही दिवसांत किंवा आठवड्यांत भराभर सुरू झाली, डोळ्यांना दिसणारे आणि कातडीला जाणवणारे भास जास्त आहेत, नशा थांबल्यावर उतार पडतोय. उलट, नशेच्या आधी वर्ष-दोन वर्षं मुलगा हळूहळू एकलकोंडा झाला होता, अंघोळ, अभ्यास, बोलणं सुटत गेलं होतं, घराण्यात कोणाला असा आजार होता, किंवा नशा बंद होऊन महिना उलटला तरी लक्षणं हटत नाहीत, तर डॉक्टर दुसऱ्या आजाराचाही विचार करतात.

म्हणून ‘आधी काय आलं, पावडर की संशय?’ हा प्रश्न तुम्हाला विचारला जाणारच. घरी बसून शांतपणे तारखा आठवून ठेवा. गणपतीत कसा होता? दिवाळीत पाहुण्यांत बसला होता का? सणांच्या खुंट्यांना टांगून आठवलं की बरोबर आठवतं.

घरचे म्हणतात करणी झाली आहे. देवर्षीकडे नेऊ का?

देवाला नमस्कार करून या, अंगारा लावा, त्याने कोणाचं काही जात नाही. पण डॉक्टरांकडे जाणं त्यासाठी एक दिवसही लांबवू नका. आणि कोणी बांधा, मारा, मिरच्यांची धुरी द्या, उपाशी ठेवा असं सांगत असेल तर तिथून मुलाला घेऊन निघा. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, धुरी देणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. ज्याला आधीच सगळे आपल्या जिवावर उठलेत असं वाटतंय, त्याला घरच्यांनीच धरून बांधलं तर तो पुन्हा तुमच्यावर कसा विश्वास ठेवेल?

त्याच्याशी बोलायचं कसं? ‘असं काही नाही’ म्हटलं तर तो चिडतो.

‘असं काही नाही’ हे म्हणू नका. ‘हो, खरंच कॅमेरे आहेत’ असंही म्हणू नका. भ्रमावर बोलू नका, भीतीवर बोला.

‘आई, तू त्यांना सामील आहेस.’
‘तुला लई भीती वाटतेय ना रे?’
‘ते खाली उभे आहेत.’
‘मला कोणी दिसलं नाही. पण तू तीन रात्री झोपला नाहीस, ते मला दिसतंय. मी इथंच बसते. पाणी पी थोडं.’

हे एका आईचं बोलणं आहे, तिने मला जसंच्या तसं सांगितलं. कुठल्याही प्रशिक्षणात याहून चांगलं शिकवता आलं नसतं. आवाज खाली, वाक्यं छोटी, एका वेळी एकच माणूस बोलेल. मामा, काका, शेजारी, मित्र असा घोळका करू नका. रोखून बघू नका, मागून हात लावू नका, त्याच्या देखत फोनवर कुजबुजू नका. नशेवरून आत्ता रागवायचं नाही. ते बोलणं होणार आहे, पण झोप आणि औषध झाल्यावर.

तुम्ही दाराच्या बाजूला बसा, पण त्याची वाट अडवू नका. सुरी, कोयता, ब्लेड, गाडीची चावी गुपचूप हलवा. लहान मुलं शेजारी पाठवा.

ताबडतोब रुग्णालय कधी?

यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट बघू नका: अंग तापलंय, आपण कुठे आहोत, रात्र की दिवस हे कळत नाही, मध्येच ग्लानी येते, छातीत दुखतंय, झटका आला, हातपाय ताठ झाले, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायची भाषा आहे, ‘उडी मार’ असं सांगणारे आवाज ऐकू येतात, पाळतीपासून वाचायला गच्चीवर, रस्त्यावर, रुळांवर पळतोय, दोन दिवस पाणीसुद्धा पीत नाही. ताप आणि गोंधळ एकत्र असतील तर तो निव्वळ मनाचा आजार राहत नाही, शरीराची आणीबाणी होते. आधी मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात न्या, मानसोपचार विभाग नंतर. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांची मदत लागली तर ११२. फोनवर ‘भांडण’ म्हणू नका, ‘मानसिक आजाराचा रुग्ण, घाबरलेला आहे’ असं स्पष्ट सांगा.

लघवीची तपासणी निगेटिव्ह आली. म्हणजे त्याने घेतलं नाही ना?

तसं म्हणता येत नाही. बाजारात मिळणाऱ्या साध्या पट्टीच्या चाचण्यांत मेफेड्रोन बहुधा पकडलं जात नाही. मेथसुद्धा लघवीत साधारण दोन ते चार दिवसच सापडतं. चाचणी हा एक धागा, बाकीचं तुमच्या सांगण्यावरून आणि तपासणीवरून कळतं. खिशात सापडलेली पुडी, गुंडाळलेली नोट, सिरिंज, औषधाची कुपी यांबद्दल डॉक्टरांना सांगा; शक्य असेल तर मोबाइलवर फोटो काढून दाखवा.

डॉक्टरांना नशेचं खरं सांगितलं तर पोलीस केस होईल का?

ही भीती सगळ्यात जास्त उशीर करते. डॉक्टरांना रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणं मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ ने बंधनकारक केलं आहे, आणि याच कायद्याने दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक स्थितींनाही मानसिक आजारात धरलं आहे. एनडीपीएस कायद्यातही कलम ६४-अ आहे: सेवनाचा किंवा अल्प प्रमाण बाळगल्याचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला तयार झाली आणि उपचार पूर्ण केले तर खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. विक्रीत अडकलेल्याला हे लागू नाही. तिथे वकिलाचा सल्ला घ्या. पण उपचारासाठी केसपेपर काढायला घाबरू नका. नशा लपवली तर डॉक्टर चुकीच्या दिशेने जातील, आणि त्याची किंमत मुलगा मोजेल.

तो यायलाच तयार नाही. जबरदस्तीने उचलून नेणारी केंद्रं असतात म्हणे?

असतात. रात्री चार दणकट माणसं येतात, पोराला गाडीत घालतात. मी हे करू नका असं कळकळून सांगते. ‘मला उचलून नेणार आहेत’ या भ्रमाने आधीच थरथरणाऱ्या माणसाच्या बाबतीत तुम्ही तो भ्रम खरा करून दाखवता. त्यानंतर आईच्या हातचं पाणीसुद्धा न घेणारी मुलं मी पाहिली आहेत.

कायदेशीर वाट आहे. रुग्णाची निर्णय घेण्याची क्षमता हरपली असेल, त्याच्यापासून त्याला स्वतःला किंवा इतरांना धोका असेल, तर नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (रुग्णाने आपल्या वतीने नेमलेल्या माणसाच्या) अर्जावरून मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाच्या कलम ८९ खाली ३० दिवसांपर्यंत दाखल करता येतं. आधी कोणाचं नाव दिलेलं नसेल तर जवळचा नातेवाईक प्रतिनिधी होऊ शकतो. एक मानसोपचारतज्ज्ञ आणि आणखी एक तज्ज्ञ किंवा डॉक्टर त्याला स्वतंत्रपणे तपासतात. प्रसंग तातडीचा असेल तर कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत उपचार देऊ शकतो. साखळीने बांधून ठेवायला या कायद्याने साफ मनाई केली आहे. ज्या केंद्रात ठेवणार त्याची नोंदणी बघा, तिथे मानसोपचारतज्ज्ञ प्रत्यक्ष येतात का ते विचारा, आणि भेटायला मनाई असेल तर त्या दारातूनच परत फिरा.

पण बहुतेक वेळा इथपर्यंत यावं लागत नाही. ‘वेड्यांच्या डॉक्टरकडे चल’ ला जो नाही म्हणतो, तो ‘तुला झोप येत नाही, त्याची गोळी घेऊन येऊ’ ला हो म्हणतो. हे खोटं नाही. त्याला खरंच झोप हवी असते. ज्याच्यावर त्याचा अजून विश्वास आहे असं एक माणूस शोधा, आत्या असेल, शाळेतले सर असतील, आणि त्या माणसालाच बरोबर येऊ दे.

महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग आहेत. गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था आहे. कुठे जायचं सुचत नसेल तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं. व्यसनासाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे.

उपचारात काय करतात?

आधी शांत खोली, पाणी, झोप. ताप, नाडी, रक्तदाब, हृदय तपासतात. धडधड आणि अस्वस्थता उतरवायला लोराझेपामसारखी औषधं, भ्रम-भास उतरवायला ओलान्झापिन, रिस्पेरिडोन किंवा हॅलोपेरिडॉलसारखी. ही नावं ओळखीसाठी दिली आहेत. शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरून आणून जेवणात मिसळू नका. असं मिसळताना एकदा जरी सापडलात तर ‘जेवणात विष घालतात’ ही त्याची खात्री कायमची झाली.

दारू किंवा अफूच्या व्यसनासाठी जशी ओढ कमी करणारी मान्य औषधं आहेत, तशी एमडी-मेथसाठी अजून नाहीत. म्हणून सायकोसिस उतरल्यावरचं समुपदेशन, व्यसनमुक्तीचा गट, घरच्यांच्या बैठका हाच खरा उपचार. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणसारख्या ठिकाणी हे काम वर्षानुवर्षं चाललं आहे.

तो पूर्ण बरा होईल?

बहुतेक जण होतात. नशा थांबली की बऱ्याच जणांची लक्षणं काही दिवसांत ते महिनाभरात ओसरतात. काहींना जास्त वेळ लागतो. आणि काहींच्या बाबतीत हा पुढे लांबणारा आजार ठरतो: जगभरच्या अभ्यासांचा २०२० मध्ये एकत्र आढावा घेतला गेला, त्यात अँफेटामिन गटामुळे सायकोसिस झालेल्यांपैकी सुमारे २२ टक्के लोकांना पुढे स्किझोफ्रेनियाचं निदान झालं. गांजाच्या बाबतीत हा आकडा ३४ टक्के होता. म्हणून ‘पावडर सोडली, आता फक्त गांजा मारतो’ हे ऐकून निश्चिंत होऊ नका. बरं वाटलं तरी डॉक्टर सांगेपर्यंत तपासणी चालू ठेवा.

नशा बंद झाली आणि आता तो नुसता झोपतो, रडतो. हे बरं होणं आहे का?

हा नशा सुटल्यानंतरचा उतार आहे, आणि या दिवसांत त्याला एकटं सोडू नका. दोन-तीन दिवस पडून राहणं, सपाटून खाणं, मग खोल उदासी असा क्रम असतो. भ्रम उतरल्यावर आपण काय काय बोललो, कोणावर हात उचलला, हे एकेक आठवायला लागतं. ती शरम जीवघेणी असू शकते. ‘बघ काय केलंस आम्हाला’ ही यादी वाचायची वेळ ही नव्हे. मरणाचा विषय त्याने काढला, आडून काढला तरी, सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही. उलट बोलायला दार उघडतं. आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

एडीएचडीसाठी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) मुलाला मेथिलफेनिडेट ही उत्तेजक गटातलीच गोळी सुरू आहे. त्यानेही असं होईल का?

क्वचित. अमेरिकेतल्या १३ ते २५ वयोगटाच्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात अशी औषधं सुरू केलेल्या सुमारे ६६० जणांमागे एकाला सायकोसिस झाला, आणि मेथिलफेनिडेटमध्ये हे प्रमाण अँफेटामिनच्या निम्मं होतं. घाबरून गोळी बंद करू नका. झोप उडाली किंवा संशय आला तर लगेच सांगा, एवढं पुरे.

एकदा बरा झाल्यावर परत होऊ शकतं?

हो, आणि दुसऱ्या वेळी कमी मालात होऊ शकतं. पहिल्यांदा महिनोन्‌महिने घेतल्यावर जे झालं ते नंतर एका रात्रीच्या ‘फक्त आज’ ने होताना दिसतं. जपानी डॉक्टरांनी तर असे रुग्ण नोंदवले आहेत, ज्यांना नशा न घेताही मोठ्या ताणाने किंवा जागरणाने जुनी भीती परत आली. म्हणून बरा झालेल्या मुलाला लगेच रात्रपाळीची नोकरी लावू नका, लग्नसराईत चार-चार रात्री जागवू नका.

परतीच्या खुणा प्रत्येकाच्या ठरलेल्या असतात. कोणाचा पडदा आधी ओढला जातो, कोणी ताट दुसऱ्याच्या ताटाशी बदलून घेतं. तो बरा असताना त्याच्याबरोबरच बसून त्या खुणा लिहून काढा, आणि ‘हे दिसलं तर मी तुला डॉक्टरांकडे नेईन, चालेल ना?’ असं तेव्हाच विचारून ठेवा. कालनिर्णयवाली आई अजून येते. आकडे आता मुलगा स्वतः लिहितो. गेल्या वेळी एका चौकोनात ३ होता आणि त्याखाली त्याच्याच अक्षरात: ‘मॅच बघत होतो, आईला विचारा.’